बिनबाळंतपणाचा सव्वा महिना

माझा आवाज गेला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या कंपाउंडरला झाला असणार. चिकलठाण्याच्या त्या तीन खोल्यांच्या मिशन दवाखान्यात मी नर्स, सुईण, प्रार्थना घेणारी आणि सगळ्यांवर ओरडणारी, अशा चारही जागा एकटीच चालवत होते. वीसेक वर्षं झाली होती. नगरहून आले तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. मग एकेक कारखाना उभा राहिला, भोंगे सुरू झाले आणि गावोगावची माणसं पत्र्याच्या खोल्यांतून राहू लागली. त्यांच्या बायका बाळंत व्हायला माझ्याकडे. त्यातच नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. ज्यांची घरं जाळली गेली त्यांच्या जखमा बांधायला मी खेड्यांत जायचे, आणि परत येते तो दारात कुणीतरी कळा सुरू झालेली.

शेवटी आवाज बसला, पाय सुजले, आणि एके दिवशी इंजेक्शनची सुई हातात धरून मी उभ्याउभ्या झोपले. कंपाउंडरनं नगरला मिशनच्या कचेरीत कळवलं. चुगलखोर मेला.

नगरहून आमचे पाळकसाहेब आले. वयानं माझ्याहून लहान, अधिकारानं मोठे. म्हणाले, "बाई, एक महिना पूर्ण विश्रांती. महिन्यानं मी स्वतः येऊन पाहीन. सुधारला नसाल तर तुम्हाला नगरला निवृत्तांच्या घरी न्यावं लागेल. इथं दुसरी नर्स येईल."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं जोडलं, "देवानंसुद्धा सातव्या दिवशी काम थांबवलं होतं."

"त्याच्याकडे अडलेल्या बायका येत नव्हत्या," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. ते हसले, पण शब्द मागं घेतला नाही.

निवृत्तांचं घर मी पाहिलेलं होतं. तिथं दुपारी चारला चहा मिळतो आणि पुढच्या चहापर्यंत काही घडत नाही. मला इथंच राहायचं होतं. त्यासाठी पडून राहायला हवं होतं, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

पहिला आठवडा मी विश्रांतीचं नुसतं सोंग केलं. खाटेवर पडायचे आणि भोंगा झाला की उठून बसायचे. खिडकीतून बायका हाका मारायच्या, "सिस्टरबाई, जरा बघा ना," की मी पेटी घेऊन मागच्या दारानं सटकायचे. कंपाउंडर वैतागला. फाटकावर पाटी लावायचं त्यानं ठरवलं, कागदावर मजकूर लिहिला, 'सिस्टरबाई विश्रांती घेत आहेत', आणि कागद क्रांती चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या पेंटरला दिला.

आता हा पेंटर म्हणजे मोठा कलावंत माणूस. कारखान्यांच्या पाट्या तोच रंगवी, नामांतराच्या घोषणा भिंतींवर तोच लिही, आणि आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानातली अक्षरंही त्याच्याच हातची. निळा रंग सगळा भिंतींवर संपला होता, म्हणून त्यानं पांढऱ्या फळीवर काळी अक्षरं काढली. 'येथे विश्रांती घेत आहेत' असंच आमच्या थडग्यांवर लिहायची पद्धत. त्याचा हात सवयीनं चालला. मजकुराच्या वर त्यानं सुबक क्रूस काढला आणि चहूबाजूंनी पानाफुलांची वेल सोडली. कंपाउंडरला ती वेल फार आवडली. मी पडले मागच्या दारानं जाणारी, त्यामुळे मला पाटी दिसलीच नाही.

दोन-तीन दिवस चमत्कारिक शांततेत गेले. फाटकाशी कुणी थांबलंच तर हात जोडून पुढं जाई. मला वाटलं, चला, लोकांना शिस्त लागली.

अजिंठ्याच्या रस्त्यावर एक धनगरवस्ती होती. तिथली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मलेली. वस्तीतला एकजण चिकलठाण्यात कारखान्यात होता. त्यानं पाटी वाचली आणि सुट्टीला घरी जाऊन सांगितलं. रविवारी सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. मी मागच्या ओट्यावर गरम पाण्यात पाय सोडून भाजलेल्या शेंगा खात बसले होते. एकदम बायकांचं रडणं ऐकू आलं. कुणीतरी गेलं वाटतं, असं म्हणत मी तशीच ओल्या पायांनी पुढं धावले.

पुढं झेंडूचे हार, उदबत्त्या आणि पंधरा-वीस माणसं. मला पाहून सगळी दोन पावलं मागं सरली. सगळ्यांच्या पुढं वस्तीतली एक म्हातारी होती. तिच्या तिन्ही सुनांची बाळंतपणं मी केलेली. तिनं आधी माझी पावलं सरळ आहेत ना ते पाहून घेतलं, मग विचारलं, "सिस्टरबाई, तुमी मेल्या नाय?"

"नाही हो," मी शेंगा गिळत म्हणाले. "कोण गेलं?"

"तुमीच. पाटीवर लिवलंय की."

मी पाटी पाहिली. कंपाउंडर तोवर मोरीत जाऊन बसला होता. आधी मला संताप आला, मग हसू फुटलं, आणि आवाज नसल्यानं ते शिट्टीसारखं बाहेर पडलं. ते ऐकून सगळी वस्ती हसायला लागली. मेल्या माणसाचे हार जित्या माणसाला कसे घालायचे, म्हणून ते फाटकाला बांधले. दवाखान्याचं उद्घाटन असल्यासारखं दिसू लागलं.

म्हातारी हसली नाही. ती माझा सुजलेला पाय दाबून पाहत होती, आणि बोटानं पडलेला खड्डा भरून येत नव्हता.

"काय झालंय तुला?" तिनं विचारलं. 'तुमी'चं 'तू' झालं ते तेव्हापासून कायमचं. मी तिला महिन्याचं सांगितलं, साहेब पाहायला येणार तेही आणि नगरला नेतील तेही.

"महिन्यानं काय व्हतंय," ती म्हणाली. "आमाला तर सव्वा महिना उठू देत नाहीस. माझी धाकली सून इसाव्या दिवशी पान्याला गेली, तर घागर फोडलीस तिची."

फोडली होती, खरं आहे.

"पण मला कुठं लेकरू झालंय," मी म्हणाले.

"नाय कसं? ही काय सगळी." तिनं टेम्पोतून उतरलेल्या पोरांकडे बोट केलं. "इतकी बाळंतपनं झाली अन् एकदाबी निजली नाहीस. चल, नीज."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. लग्न न केलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला आयुष्यात असं कुणी म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

टेम्पो गेला, म्हातारी राहिली. तिनं खिडक्यांना गोणपाटं लावली, माझे कान फडक्यानं बांधले, खाटेखाली शेगडी सरकवली, ओव्याची धुरी दिली. रोज सकाळी तेल लावून अंग रगडायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, वर डिंकाचा लाडू. मी प्रार्थनेला उठायला लागले तर म्हणायची, "पडून कर. त्याला ऐकू येतं." हाका मारणाऱ्या बायकांना ती दारातूनच सांगे, "बाळंतीन हाय आत." नवल म्हणजे हे ऐकल्यावर एकही बाई हट्ट करत नसे. आजाऱ्याला लोक उठवतात, बाळंतिणीला कुणी उठवत नाही. अडलेल्यांना कंपाउंडर सरकारी दवाखान्यात पोचवत होता आणि मला न विचारता मुलं जन्माला येत होती. याचा मला सुरुवातीला थोडा रागच आला. मग झोप आली. अशी आली की भोंगासुद्धा ऐकू येईना.

ठरल्या दिवशी पाळकसाहेब आले. मी आत, कान बांधून, शेक घेत पडलेली. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाई कुठं आहेत?"

"आत हाय. पर तुमाला जाता येनार नाय. बाळंतिनीच्या खोलीत पुरुषमानसानं जायचं नसतं."

साहेबांची पावलं दाराबाहेरच थबकली. मिशनची नर्स, अविवाहित, आणि या वयात. बिचाऱ्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल. मग कंपाउंडरनं घाईघाईनं सगळं सांगितलं, आणि साहेब ओट्यावर बसून चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. शेवटी दाराशी येऊन त्यांनी बाहेरूनच विचारलं, "बाई, बऱ्या आहात का?"

"बरी आहे," मी म्हणाले. आवाज इतका खणखणीत निघाला की मीच दचकले.

"मग नगरचं नाव काढत नाही मी. महिना भरला. उद्यापासून दवाखाना सुरू करा."

वीस वर्षांत मी कामाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. म्हातारीकडे पाहिलं, तर ती आत येऊन शेगडीतले निखारे सारखे करत होती.

"नाही साहेब," मी आतून म्हणाले. "माझ्या सव्वा महिन्याचे अजून आठ दिवस राहिलेत." आणि कुशीवर वळले.