दादाची फुंकणी
मेण तापल्याचा वास आला की देवासच्या टेकडीखालचं ते मैदान आठवतं. दादा अपघातात गेला आणि बँडातला त्याचा बॅगपाइप माझ्याकडे आला. मी श्वास घ्यायला थांबलो की सूर खाली पडे, आणि तो सावरता सावरता ढोलाच्या ठेक्यावरून पावलंही सुटत. त्या सकाळी नळ्यांच्या सांध्यांना मेण लावलेला दोरा गुंडाळत बँडमास्तर म्हणाले, "भिया, गलती तुझी नाही. हवा भरायची ही फुंकणी तुझ्या दादाच्या मापाची आहे. तू मान ताणतोस, म्हणून काखेतल्या हवेच्या पिशवीवरचा, मशकीवरचा, कोपराचा दाब सुटतो. कापू का?" फुंकणीच्या टोकावर दादाच्या दातांच्या खुणा होत्या. मी म्हणालो, "कापा." करवत चालली. मी बघत राहिलो, पण आत काहीच हललं नाही. तुकडा पुढे करत त्यांनी विचारलं, "ठेवतोस?" मी नको म्हणालो. त्यांनी टोक घासून दिलं. मग मशक काखेत नीट बसली आणि श्वास घेतानाही सूर तुटला नाही. "हां, आत्ता जमलं," मास्तर म्हणाले, आणि आम्ही रांगेत चालू लागलो. आता बँडात नवीन येणाऱ्यांना मीच शिकवतो. दादासाठी रडू मात्र अजून आलेलं नाही.