पाण्याचं घड्याळ

ओरेस्ते गारावाल्या तेहेतीस वर्षं इटलीतल्या लोमेल्लिना भागात पाटकरी आहे. कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ पाणी, हे ठरलेल्या पाळीप्रमाणे पाहायचं, पाटाची दारं उघडायची, बंद करायची आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. एकसष्ट वर्षांचा, बुटका, बोलायला कमी. पाळीवरून त्याच्याशी भांडण झालेला माणूस शोधून सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या इलारिया बेर्तोलीनी त्याच्याकडे आल्या. उपग्रहाच्या चित्रांवरून कोणतं रान किती भिजलं हे सांगण्याची पद्धत त्या बसवत होत्या. युरोपीय संघाकडून संशोधनाचा निधी मिळाला होता. चित्र खरं की खोटं, हे पडताळायला जमिनीवरची नोंद हवी होती, आणि इतकी नेटकी नोंद ओरेस्तेच्या वहीतच होती.

बारमध्ये चेष्टा सुरू झाली. "काय रे ओरेस्ते, आता वरून बघणारा आलाय. तुझी सायकल विकतोस का?"

"तो दार उघडायला खाली येणार असेल, तर देतो," ओरेस्ते म्हणाला.

निधी पुढे चालू राहायचा तर शंभरातल्या ऐंशी नोंदी चित्रांशी जुळायला हव्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात इलारियांनी हिशेब मांडला, तर चोपन्नच जुळल्या. वहीत पहाटे पाचला पाणी सोडलेलं. उपग्रह सात वीसला वरून गेला, तोवर गवताचं सगळं रान भिजायला हवं होतं. चित्रात जेमतेम अर्धं भिजलेलं. मार्चमधल्या नोंदी मात्र तंतोतंत जुळत होत्या. अहवाल द्यायला बारा दिवस उरले होते. निधी थांबला असता तर इलारियांची नोकरीही तिथेच संपली असती.

त्या ओरेस्तेच्या घरी आल्या. बायको लुईजीना भात ढवळत होती. इलारियांनी आडवळण घेतलं नाही.

"सिन्योर ओरेस्ते, रागावू नका. उन्हाळ्यात कामाचा रगाडा असतो. वही कधी संध्याकाळी आठवून लिहिता का?"

ओरेस्तेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डॉक्टरबाई, दाराला एक हात असतो, तेव्हा पेन्सिल दुसऱ्या हातात असते."

"झालं, आता हा जेवणार नाही," लुईजीना म्हणाली. "बसा दोघं. एक वाजला."

ओरेस्तेने सवयीने मनगटाकडे पाहिलं. इलारियांनीही पाहिलं. काटे बारावर होते.

"तुमचं घड्याळ एक तास मागे आहे."

"मागे नाही. ते पाण्याचं आहे."

"म्हणजे?"

"अहो, सरकार मार्चच्या शेवटी सगळ्यांचं घड्याळ एक तास पुढे करतं, ऑक्टोबरात पुन्हा मागे. मार्चमधल्या त्या रात्री ज्याची पाळी असेल, त्याचा एक तास गेला. ऑक्टोबरात दुसऱ्याला एक तास फुकट. कोण ऐकून घेईल? म्हणून पाटावर बारा महिने जुनीच वेळ चालते."

"आणि वहीत?"

"वही पाटाचीच ना."

इलारियांनी बोटांवर मोजलं. पाटाचे पाच म्हणजे सरकारी सहा. मग सात वीसला अर्धंच रान भिजणार. "दोन वर्षांत हे मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, उपग्रहालाही जुनीच वेळ असेल. तो कुठे मार्चमध्ये घड्याळ फिरवतो?"

लुईजीना आधी हसली. मग इलारिया. ओरेस्ते गंभीरपणे भात वाढून घेत होता.

उन्हाळ्यातल्या सगळ्या नोंदी एक तास पुढे सरकवल्यावर शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जुळल्या. अहवाल वेळेत गेला. फेब्रुवारीत पत्र आलं: आणखी तीन वर्षं निधी मंजूर. शेजारच्या चार पाटांच्या वह्याही आता इलारियांना हव्या आहेत. नव्या तक्त्यात वेळेच्या रकान्याशेजारी एक जादा रकाना आहे: 'कोणती वेळ'. ओरेस्ते प्रत्येक ओळीत तिथे 'बरोबर' असं लिहितो. इलारियांनी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. त्याचा अर्थ त्यांना आता कळतो.

बारमध्ये आता वेगळं ऐकू येतं. "ओरेस्ते, तुझा तो वरचा आज वेळेवर आला का?"

तो मनगट पाहतो. "सहा वीस. रोजच्यासारखा." आणि सायकलवर बसून पुढच्या दाराकडे जातो.