दादाचे खोटे पक्षी

माझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा घरात कात्री सापडत नव्हती.

सगळं घर धुंडाळलं. शेवटी वहिनीला दिसली. फ्रिजवर, ताटलीत आडवी, चोच वासून. पाठीवर कापसाचा एक पुंजका.

बगळा.

आज वर्ष झालं म्हणून लिहिते आहे. नाहीतर मला अजून रागच आहे त्याचा.

दादाचं पांढुर्ण्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दिवसभर हात तांब्याच्या तारेत, घरी आला की डोकं पाखरांत. एक वांगं आणि संत्र्याच्या दोन साली, झाला भारद्वाज. आईची भाजी राहिली. कपड्यांचा चिमटा आणि एक लवंग, झाली चिमणी. वहिनीची ओली साडी उडून शेजारच्या गच्चीवर.

तीन वस्तूंच्या वर जायचं नाही, हा त्याचा नियम. तीनच्या वर गेलं की म्हणे ते डेकोरेशन.

मग फोटो काढायचा, इन्स्टावर टाकायचा, आणि वस्तू जागेवर ठेवायला विसरायचं.

कुठल्या कुठल्या देशांतून लाइक यायचे. आई म्हणायची, "त्या लाइकवाल्यायले म्हणा, वांगे पाठवा."

मी ओरडायचे, "अरे, केस पिकले तुझे! आता तरी पुरे कर."

तो म्हणायचा, "हळू बोल नं वं. उडून जाईन तो."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका दुपारी दुकानातच छातीत दुखलं. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं.

दहाव्याला नदीवर महाराजांनी पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे. एकही खाली येईना.

मामा हात जोडून म्हणाले, "घरची संत्र्याची बाग इकत नाही बापा. काळजी नको करू."

वहिनी म्हणाली, "आपल्या पोरीले शिकवीन मी."

मी म्हटलं, "दादा, तुझं अकाउंट बंद नाही करणार."

काही नाही. ऊन चढलं, महाराज घामाघूम झाले. म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. चालते तसं."

आई भडकली. "जिंदगीभर खोटेच पाखरं केले त्यानं! आज तरी खरा पाहिजे. माहं पोरगं उपाशी जाईन काय?"

तिला समजवायचं कोणी?

महाराजांनी गुपचूप दर्भाच्या दोन काड्या घेतल्या, दुमडल्या, गाठ मारली.

आईने ते पाहिलं.

"हा कावळा हाये? झाडूचा तुकडा दिसून राहिला. आणा इकडे."

गाठ सोडली. काड्या पुन्हा वळवल्या, छाती फुगवली, शेपूट ओढून सरळ केली. पिंडाजवळचा एक काळा तीळ उचलून डोळ्याच्या जागी अडकवला. मग मान जराशी तिरपी केली.

कावळा झाला. अगदी आता काव काव करेल असा. आम्ही बघतच राहिलो. जन्मभर दादावर खेकसणारी ही बाई हे सगळं शिकली कधी?

तिने त्याची चोच पिंडाला टेकवली.

"घे. जेव आता. अन् अन्नाशी खेळू नको."

आणि मग आई रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

दादा, राग गेलेला नाही. पण तुझ्याशिवाय करमत नाही रे.

असशील तिथे पोटभर जेव. तुझ्या लहान बहिणीचा नमस्कार.