बारा पाण्यांऐवजी पाच

महायुद्धाच्या वर्षांत भिंगारच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो यजमान काढीत. प्रिंट धुणं, वाळवणं आणि टोनिंग माझ्याकडे. टोनिंग म्हणजे काळ्या प्रिंटला तपकिरी करणं. तपकिरी प्रिंट सहसा उडत नाही, नातवंडांपर्यंत टिकते. त्या औषधाला नासक्या अंड्यांचा वास येई, म्हणून ते काम मी परसात करी. कामांची यादी दाराआड लावलेली असे आणि केलेल्या कामापुढे खूण केल्याशिवाय मी पुढच्याला हात लावत नसे.

बोटीवर जाण्याआधी शिपाई फोटोला येत. एका उन्हाळ्यात आठवडाभरात इतके आले की प्रिंट वाळत घालायला दोऱ्या पुरेनात. त्यात विहीर तळाला गेलेली. प्रिंट पक्की करायला हायपो लागतो आणि मग तोच हायपो कागदातून काढून टाकायला प्रिंट बारा पाण्यांतून धुवावी लागते. मी त्या आठवड्यापुरतं पाच पाण्यांवर भागवलं. यजमानांना सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या यादीत बसतंय ना? मग कर." यादीत ‘धुतल्या’ या शब्दापुढे मी नेहमीसारखीच खूण केली. पाच की बारा, ते लिहिलं नाही.

वर्षभराने नेवाशाकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. भाकरीच्या फडक्यात बांधलेला फोटो त्यांनी काउंटरवर सोडला. त्याच आठवड्यातला होता, गणवेशातला मुलगा, खुर्चीवर ताठ बसलेला. तो गेल्याची तार येऊन चार महिने झाले होते. फोटोत त्याच्या गालावर पिवळा डाग पडला होता.

"ह्यो उडाय लागलाय, ताई. पक्का करून द्या."

यजमान निगेटिव्ह शोधायला आत गेले आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. लढाईत काच मिळत नव्हती. जुन्या काचेच्या निगेटिव्ह आम्ही गरम सोड्याच्या पाण्यात खरवडून त्यांची काच फ्रेमला वापरत होतो. या मुलाची काच कोणाच्या तरी घरी भिंतीवर होती. उरली ती एवढी एक प्रिंट.

"तासाभराचं काम आहे, मावशी," मी म्हणाले. "तोवर बाजारात फिरून या."

"न्हाई. हितंच बसते, त्याच्यापाशी."

"पळून नाही जायचा तो," यजमान हसत म्हणाले.

"पळाला आसता तर बरं झालं आसतं."

यजमान पुढच्या खोलीत निघून गेले.

मी जुनी यादी काढून बघितली. ‘धुतल्या’पुढे खूण होती. त्या खुणेवर विसंबून, पुन्हा न धुता, प्रिंट नुसती भिजवून घेतली आणि परसात दोन ट्रे मांडले. पहिल्यात पिवळं पाणी. त्यात चित्र फिकट होत जवळजवळ दिसेनासं होतं. मग धुऊन दुसऱ्या ट्रेमधल्या औषधात टाकलं की तपकिरी होऊन परत येतं. बघणारा दचकतो, म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवी.

"आता तो दिसेनासा होईल. घाबरू नका, परत येतो."

"येतो?"

"येतोच."

बाई परसातल्या दगडावर बसून ट्रेमध्ये वाकून बघत होत्या. गाल गेले, कपाळ गेलं. नेहमीपेक्षा भराभर गेलं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. औषध ताजं आहे म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. प्रिंट धुतली, या खेपेला बारा पाण्यांतून, आणि दुसऱ्या ट्रेमध्ये सोडली.

मागचा पडदा तपकिरी झाला. पट्टा आला, टोपी आली, कानामागचे केस आले. मध्ये चेहऱ्याच्या जागी कोरा कागद राहिला.

"आजून येळ लागतो का?"

मी ट्रे हलवत राहिले. मला कळून चुकलं होतं. कागदात राहिलेला हायपो पिवळ्या पाण्याला मिळाला की दोघं मिळून चित्रच खातात. फिकट भाग आधी जातो, आणि माणसाच्या फोटोत फिकट असतो तो चेहरा. गेलेलं परत आणणारं औषध नाही.

"मावशी, तो येणार नाही," मी म्हणाले. पाच पाण्यांचं सगळं सांगितलं. पाणी कमी मी केलं, खूण मी केली, हेही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग ट्रेमध्ये बोट दाखवून म्हणाल्या, "पट्टा चांगला आलाय."

यजमान बाहेर आले होते. ते म्हणाले, "नगरला एक चित्रकार आहे, तुम्ही सांगाल तसा चेहरा काढून देईल."

"कुनाचंबी तोंड नगं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी त्याला बघितलं हुतं ना? खुर्चीवर तुमीच बसवलं आसंल."

बसवलं मीच होतं. त्या आठवड्यात सगळ्यांनाच मी बसवलं होतं, कॉलर सारखी केली होती, हनुवटी वर करायला लावली होती. त्यांतला हा कोणता, मला काहीही आठवत नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"काय बोलला?"

"म्हणाला, आईला पाठवायचाय, चांगला काढा." पुष्कळ शिपाई असंच म्हणत.

"आई न्हाई म्हनायचा त्यो. आक्का म्हनायचा. घरातले समदे म्हनत्यात, म्हनून त्यो बी."

मी मान खाली घातली.

त्यांनी पदर सारखा केला आणि दगडावर जरा सरकून माझ्यासाठी जागा केली.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "आजून काय बोलला?"