दरीकडे पाठ

माझ्या भाऊजींना सायकल येत नव्हती, हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं गुपित होतं. ते फक्त ताईला आणि मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक असलेली गोष्ट फार दिवस गुपित राहत नाही, असं ताईचं म्हणणं. पण मी सांगितलं असतं तरी कोणाला खरं वाटलं असतं? ज्या माणसानं उभं आयुष्य डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर बस चालवली, एकीकडे कडा आणि दुसरीकडे दरी असताना ते धूड झोपलेला प्रवासी जागा होणार नाही इतक्या अलगद वळवलं, तो दोन चाकांवर बसला की धाडकन आडवा व्हायचा.

सायकलीची वेळ त्यांच्यावर आली ती बोगद्यामुळे. डोंगर पोखरून बोगदा झाला आणि वरचा जुना रस्ता मोटारींना बंद झाला. भाऊजींना बोगद्यातली बस मिळाली. काही महिने त्यांनी ती चालवली आणि दिवसेंदिवस त्यांचं तोंड उतरत गेलं. "ना चढ, ना वळण. नुसतं सरळ जायचं, नळातल्या पाण्यासारखं," म्हणायचे. जेवणावरून मन उडालं. शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले, ते थेट ताईच्या शिलाई मशीनशेजारी. खिडकीखालून जाणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा आवाज ऐकायचा आणि चालकांना नावं ठेवायची, हा एकच उद्योग. ताई बिचारी कपडे शिवत ऐकून घ्यायची. मी तिच्या जागी असते तर सुई टोचली असती.

मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की जुना रस्ता सायकलवाल्यांसाठी खुला करावा. बघता बघता लांबलांबून लोक येऊ लागले. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवायच्या, रमतगमत चढायचं, वाटेत मुक्काम करायचा आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरायचं. त्यांच्याबरोबर जायला वाटाडे हवेत, अशी पाटी पर्यटन कचेरीवर लागली. भाऊजी ती वाचून घरी आले आणि दारातच म्हणाले, "माझा रस्ता मला परत मिळतोय."

किती महिन्यांनी त्यांचा आवाज असा मोकळा लागला होता! ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मात्र विचारलं, "आणि सायकल कोण चालवणार? मी?"

ताईनं शिकवली. शिवलेले कपडे घरोघर पोचवायला ती आयुष्यभर सायकलच वापरत आली होती. शाळेमागच्या मोकळ्या जागेत सकाळी सकाळी ही दोघं जायची. भाऊजी पुढे, ताई मागून कॅरिअर धरून धावतेय, आणि ओरडतेय, "अहो, हँडल फिरवताय काय असं? ते स्टिअरिंग नाही!" भाऊजी पडायचे, उठायचे, आणि फुटलेल्या गुडघ्याकडे न बघता आधी सायकल तपासायचे. शेवटी जमलं एकदाचं. जमल्या दिवशीच त्यांनी कुठून तरी मोडीत निघालेल्या बसचा आरसा आणून हँडलला बसवला. मागचं दिसल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येत नाही, म्हणाले.

चाचणीची पहिली फेरी ठरली. कचेरीतल्या बाई स्वतः येणार होत्या, सोबत पाचसहा सायकलवाले. मीही निघाले, कारण अशी गंमत मी सोडत नाही. पण खरं सांगायचं तर वर गेल्यावर माझी बडबडच थांबली. डांबराच्या भेगांतून गवत वर आलेलं. इतकं शांत, की आपल्याच सायकलची साखळी ऐकू यावी. मैलाच्या दगडावर बसलेला पक्षी आम्ही अगदी जवळ गेलो तरी उडाला नाही, त्याला घाबरायची सवयच मोडली होती.

आणि त्या शांततेत, पहिलं आंधळं वळण येताच, भाऊजी तोंडानं मोठ्यांदा ओरडले, "पोंऽऽ पों!"

चिटपाखरू नव्हतं समोर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. तिसऱ्या वळणाला सगळी मंडळी त्यांच्याबरोबर ओरडली, कचेरीतल्या बाईसुद्धा. पुढे भाऊजींनी आणखी एक प्रकार केला. जुना बसथांबा आला की ते थांबत. प्रत्येक थांब्यावर. पाय टेकवून आरशात बघत, "आले सगळे? चला." पण चढ असा काही सांभाळून घेतला, की एवढ्या वाटेत कोणाला धाप लागली नाही. मी मनात म्हटलं, मिळाली यांना नोकरी.

खिंडीत पोचलो. तिथे कठड्याशी सगळे उभे राहिले, वारा खात, दरी बघत. एकानं विचारलं, "ते खाली तळं आहे ना, त्याचं नाव काय?"

भाऊजी कठड्याकडे पाठ करून सगळ्यांची टायरं हातानं चाचपत होते. तसेच म्हणाले, "कुठलं तळं?"

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही एक विनोद. पण मी भाऊजींचा चेहरा पाहिला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. डोळे दरीकडे गेले की हातही तिकडे वळतात, हे त्यांना शिकवणाऱ्या जुन्या चालकानं त्यांच्या डोक्यात असं पक्कं बसवलं होतं, की त्यांनी उभ्या आयुष्यात तिकडे बघितलंच नव्हतं. गाडी थांबली तरी खाली उतरून चाकं बघायची, ब्रेक बघायचे, पुन्हा वर चढायचं. तळं कुठून दिसणार?

कचेरीतल्या बाई मनानं चांगल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या, "रस्ता तुम्ही उत्तम सांभाळता. पण लोक येतात ते आजूबाजूचं बघायला. ते सांगणारा माणूस मला हवा. आपण पुन्हा एकदा जाऊ. तेव्हाही नाही जमलं, तर मला दुसरं कोणी शोधावं लागेल."

संध्याकाळी भाऊजी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले. खिडकीखालून एक गाडी ब्रेक करकचून दाबत गेली, तरी ते काही बोलले नाहीत. एरवी मला चिमटा काढल्याशिवाय चैन पडत नाही, पण त्या दिवशी मला त्यांची फार माया आली.

ताईनं मशीन थांबवलं. आमचं माहेर डोंगरापलीकडे. लग्नानंतर ताई माहेरी यायची ती नवऱ्याच्याच बसनं, त्यांच्या बरोबर मागची खिडकी धरून. "मी सांगते," ती म्हणाली. "पहिल्या वळणापासून सांगते."

मग रोजचा वर्गच सुरू झाला. ताई काजं करताकरता सांगायची, भाऊजी पाठ करायचे. घरभर पुटपुटत फिरायचे, "पडक्या गिरणीच्या पुढे ओढा, ओढ्यापलीकडे मधाच्या पेट्या, त्यांच्या पुढे तळं." मी परीक्षा घ्यायचे. मी म्हटलंही, "अहो, नुसतं जाऊन बघून या ना एकदा!" तर म्हणाले, "बघायचं काय त्यात? पाठ झालंय."

दुसऱ्या फेरीला ताईही आली. भाऊजींनी काय सांगितलं म्हणून सांगू! एकही थांबा चुकला नाही, एकही नाव चुकलं नाही. "आता उजवीकडे ओढा दिसेल. सकाळच्या उन्हात तो चमकतो आणि दुपारी शोधूनही सापडत नाही." लोक माना वळवून बघत, खूश होत. भाऊजींची नजर मात्र डांबरावर. खिंडीत पोचल्यावरही ते कठड्याला पाठ टेकवून उभे राहिले आणि खालच्या तळ्याचं धडाधड वर्णन करू लागले.

कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "छान सांगता हो. पण तुम्ही स्वतः का नाही बघत?"

भाऊजी मध्येच अडकले. ताईकडे पाहिलं. मग त्यांनी सायकल नीट स्टँडवर लावली, चाकाला अडसर म्हणून एक दगड लावला, आणि हळूच वळले.

तळ्यावर ढगाची सावली सरकत होती. ती काठाला लागली, शेतांवर चढली, पलीकडे गेली, तरी यांचं तोंड बंदच. पाठ केलेलं सगळं पार पुसलं गेलं होतं. लोक वाट बघत होते. मला वाटलं, संपलं, गेली नोकरी.

मग भाऊजी ताईला म्हणाले, "एवढी वर्षं हे तू एकटीच बघत होतीस?"

"काय करणार?" ताई म्हणाली. "तुमच्या डोक्यावर पाटी होती ना. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये."

कोणी हसलं नाही. कचेरीतल्या बाईंनी उगाचच चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या कामावर. दोघंही."

भाऊजींच्या कानावर ते गेलंच नाही. ते कठड्यावरून पुरते ओणवे होऊन ताईला विचारत होते, "आणि तिकडे, त्या झाडांच्या मागे, ते पांढरं काय आहे गं?"