उलटा श्वास

भांडगावजवळ आई-आबांच्या मोटरसायकलला मागून टेम्पोची धडक बसली. दोघांच्याही बरगड्या मोडल्या. हायवेवरच्याच एका मोठ्या दवाखान्यात दोघांना दाखल केलं.

आबांचं त्या मानानं सोपं होतं. डॉक्टर म्हणाले, "बरगडीला प्लास्टर नसतं. दुखणं आवरायचं, खोल श्वास घ्यायचा, खोकला दाबायचा नाही. हाडं आपोआप जुळतात."

आई आयसीयूत होती. ती श्वास घेई तेव्हा छाती वर येई, पण डाव्या काखेखालचा तळहाताएवढा भाग आत बुडे. श्वास सोडला की तोच भाग फुगून वर येई. जवळ वाकलं की आतून कट् कट् असा बारीक आवाज येई.

तिनं डोळे उघडले. "ह्यो श्वास माझा न्हाई," ती म्हणाली. "मी आत घेते तवा कुनीतरी भाईर सोडतंय."

मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी समजावलं, "यांच्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्यात, मधला तुकडा सुटा हलतोय. आधी दुखणं थांबवून बघू. थकल्या तर ऑपरेशन करून प्लेटा बसवू. त्यातही धोका आहेच."

मी तिच्याजवळ बसून राहिलो. काही वेळानं लक्षात आलं, मीही त्या बुडत्या तुकड्याच्या तालावर श्वास घेतोय. प्रयत्न करूनही ताल सुटेना.

वॉर्डात आबांनी विचारलं, "तुझी आई बोलती का?"

"व्हय," मी म्हणालो. काय बोलली ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं थांबलं. ऑक्सिजन उतरू लागला. आबांना विचारलं तर ते भिंतीकडं बघत म्हणाले, "बसवा प्लेटा. माझ्यासारखं तिचं न्हाई."

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा तिची छातीच बघितली. सगळी एकत्र वर आली, एकत्र खाली गेली.

गावी, खुटबावला परतल्यावर आबांना आडवं होता येत नव्हतं. ते बरेच दिवस खुर्चीतच झोपायचे. आई त्यांच्या आधी हिंडूफिरू लागली आणि त्यांनाच दटावायची, "श्वास पुरा घ्या. दुखतंय म्हनून अर्धा सोडू नका."

एका दुपारी ती मेथी निवडत असताना मी विचारलं, "तिथलं काय आठवतं का गं?"

"शेजारच्या खाटंवर एक बाई हुती. लई दमल्याली," ती म्हणाली. "माझ्याकडंच बघायची. बरी झाली का ती?"

शेजारची खाट सगळे दिवस रिकामी होती.

"व्हय, गेली घरी," मी म्हणालो.