गरम वस्तू आत ठेवू नये

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ज्याच्या हाती किल्ली असते, त्याच्याकडे ते आपोआप साचतात. शिरड शहापूरच्या आमच्या महिला गटाच्या शीतघराची किल्ली निवृत्तीनंतर माझ्याकडे आली. हे घर उन्हावर चालते. दिवसा सोलरच्या विजेने भिंतींतल्या पेट्यांत बर्फ गोठतो आणि रात्रभर तोच बर्फ भाज्या-फुलांना गारवा पुरवतो. म्हणून नियम एकच, मी स्वतः दारावर रंगवून घेतलेला: ‘गरम वस्तू आत ठेवू नये.’

दाराशी राखणीला गंगूबाई बसत. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, एकुलता मुलगा सुरतेला कापडगिरणीत. “पोराचं तोंड पाहिल्याबगर जात न्हाई मी,” एवढेच यजमान बोलत.

*

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी बॅटरी पाहण्याचा हट्ट धरला. गंगूबाईंनी बर्फाची पेटी दाखवली.

“ही बॅटरी?”

“व्हय साहेब. पण मोबाईल चार्ज होत न्हाई हिच्यावर!”

*

शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे गार अन्न खायचे, हा आमच्याकडचा प्रघात. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी गंगूबाई यजमानांना औषध द्यायला घरी गेल्या, तेवढ्यात बायकांनी पुरणाचे वाफाळते डबे आणि भाताची पातेली आत रचली. रातोरात बर्फ वितळला. सकाळी नैवेद्य आंबला होता आणि साऱ्यांची मेथी काळी पडली होती!

“असे का केलेत?” मी विचारले.

“बाई, देवीला गारच लागतं ना!” गटातली मंदाकिनी म्हणाली. कोणी हसले नाही.

*

तेव्हापासून गंगूबाई प्रत्येक क्रेटवर तळहात ठेवून पाहू लागल्या. एकदा सख्ख्या जावेलाच त्यांनी दारातून परत पाठवले.

“काहून? मी परकी हाय का?”

“तू घरची हायेस, पण टमाटे उन्हातले हायेत. सावलीत निवू दे, मग आण!”

*

मे महिन्यात सरपंचांचे म्हातारे वडील आत बसायला आले. “जीव घाबरा होऊन राहिला, घटकाभर बसू दे.”

“आबा, माणूस गरम वस्तूतच येतं! लिंबाखाली बसा.”

आबासुद्धा हसले.

*

त्याच महिन्यात एका पहाटे गंगूबाईंचे यजमान गेले. मुलाचा फोन आला: निघालो आहे, पण पोहोचायला उद्याची सकाळ होईल. एवढ्या उन्हाळ्यात प्रेत इतका वेळ ठेवता येत नाही. भावकीने सरणाची तयारी सुरू केली. गंगूबाईंनी कोणाकडे काहीही मागितले नाही.

मंदाकिनीच उठली. तिच्यामागून बायका शीतघरात शिरल्या आणि आपापले क्रेट बाहेर आणू लागल्या. टोमॅटो, मेथी, झेंडू. दिवसभराच्या उन्हात त्यातले काहीही टिकणार नव्हते, हे प्रत्येकीला ठाऊक होते. मी दार उघडे धरून उभी राहिले.

यजमानांची बाज दारापर्यंत आली आणि गंगूबाईंनी हात आडवा केला.

“थांबा.”

त्यांनी यजमानांच्या कपाळावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

“घ्या आत,” त्या म्हणाल्या. “मालक आता गरम न्हाईत.”